चावीवाल्याचे ओले दगड

...तर तो दुकानदार म्हणाला, "काका, हात लावायच्या आधी बोटं ओली करा. हा दगड जिवंत आहे," आणि आपला चावीवाला असा मागं सरकला की जणू त्या दगडानं फणाच काढला. काल इथंच थांबलो होतो आपण. तुमच्या जेवणाची वेळ झाली, तुम्ही उठलात आणि गोष्ट तिथंच लटकली. आज ती खाली उतरवतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. चावीवाला म्हणजे माझा शेजारी, दोघांच्या घरांत एकच भिंत. पाणीखात्यात नोकरीला. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, चावी खाली सोडून पिळायचा, की आख्ख्या आळीच्या नळांना खोकला यायचा आणि मागोमाग पाणी. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. रस्त्यात त्या नावानं कुणी हाक मारली असती तर यानं मान वळवली नसती.

एक खोड होती त्याला. चावी दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. एकदा तापानं फणफणला होता म्हणून मुकादमानं बदली माणूस पाठवला, तर हा अंगावर चादर लपेटून त्या माणसाच्या मागं मागं, "हळू! दीड फेरा! अरे, उलटा नको रे बाबा!" लोकांना वाटलं वेड लागलं. मी विचारलं, "अरे, तो पण पगार घेतोय ना? पिळू दे की त्याला." तर म्हणतो कसा, "भाऊ, पाणी दुसऱ्याच्या हवाली करून मला झोप लागत नाही." ही खोड लक्षात ठेवा. पुढं ती त्याला फार नडली.

आता दुकान. आम्ही तिघं गेलो होतो, चावीवाला, त्याचा एकुलता एक मुलगा आणि मी. मुलगा तेव्हा कॉलेजात होता आणि माशांनी झपाटलेला. गोड्या पाण्यातले रंगीत मासे पाळून झाले, आता त्याला घरात समुद्र पाहिजे होता. काचेची टाकी आणली, पंप आणला, पाण्यात कालवायचं मीठ आणलं. राहिले होते दगड, कारण खाऱ्या पाण्याच्या टाकीचं सगळं घोडं दगडांवर अडतं. घाण पचवायची ती दगडांनीच.

दुकानदार ढेरपोट्या आणि बोलघेवडा. त्यानं दोन्ही पुढं ठेवलं. एका खोक्यात वाळके दगड, पांढरे, हाडासारखे, भोकाभोकांचे. दुसरीकडे पाण्यात बुडवलेले ओले दगड, जांभळट, शेवाळलेले, कुठं लाल ठिपका, कुठं काहीतरी हलल्यासारखं. तो म्हणाला, "वाळका घेतलात तर काही भानगड नाही. मनासारखा रचा, नाही जमला तर मोडून पुन्हा रचा. खोक्यात घालून माळ्यावर टाकलात तरी तक्रार करणार नाही. पण त्यात जीव भरायला कैक महिने लागतात, तोवर मासे सोडायचे नाहीत. ओला घेतलात तर जीव आयता येतो, टाकीला लवकर बस्तान बसतं. पण बरोबर पाहुणे येतात, आणि ते कोण ते मलाही ठाऊक नसतं. आणि एकदा घरात घेतलात की त्याला सोडून जाता येत नाही. वाळला की मेला, मेला की कुजला."

माझी शाळा एका खोलीची. गुरुजींनी फळ्यावर मधोमध रेघ ओढून एका बाजूला सजीव लिहिलं, दुसऱ्या बाजूला निर्जीव, आणि निर्जीवमध्ये पहिल्यांदा दगड लिहिला. मी तो रकाना इतकी वर्षं डोक्यात जपला होता, आणि हा ढेरपोट्या एका मिनिटात तो पुसायला निघालेला. मला मोठी मौज वाटत होती. चावीवाल्याला नाही.

"वाळका घे," तो मुलाला म्हणाला. "चुकलं तरी दगडच आहे. पाप तरी लागायचं नाही."

"बाबा, वाळकं मला काही नको. जिवंतच पाहिजे."

"अरे, पण सांभाळणार कोण?"

"मी! आणखी कोण?"

"परीक्षा असली की?"

"तरी मीच. बाबा, तुम्ही नुसते बघा हो. हात नका लावू, काही नका करू, नुसते खुर्ची टाकून बघा."

चावीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, सांगा याला काहीतरी." पोराच्या डोळ्यांत असा काही उजेड होता की मीच मनात म्हटलं, दे बाबा याला समुद्र. शेवटी ओले दगड घेतले. ओल्या कागदात गुंडाळून, वर पिशवी बांधून. घरी येईपर्यंत चावीवाल्यानं ते मांडीवर धरले होते, तान्हं पोर धरावं तसे, आणि तोंड मात्र कडू काढा प्यायल्यासारखं.

घरी वहिनी दारातच. वहिनी म्हणजे चावीवाल्याची बायको, जिभेला धार होती पण वार कधी खोल करायची नाही. पिशवीत डोकावली आणि म्हणाली, "दगड? विकत? आपल्या खानदानात दगड मारणारे झाले, मारून घेणारे झाले, विकत आणणारे तुम्हीच पहिले."

पण चार-सहा महिन्यांत त्या टाकीनं घराला वेड लावलं, खोटं नाही सांगत. दगडांवर गुलाबी-जांभळी कातडी चढली. एका भोकातून पिसाऱ्यासारखा एक किडा बाहेर यायचा, कुणी जड पावलानं चाललं की सुर्रकन आत. एक बारीक खेकडा निघाला, आगंतुक, दगडाबरोबर आलेला. वहिनीनं त्याचं नाव भाडेकरू ठेवलं. "आज भाडेकरू दिसला नाही हो, बुडवून पळाला की काय," म्हणायची. बापलेक एरवी एकमेकांशी एक वाक्य सरळ बोलायचे नाहीत, पण टाकीपुढं खुर्च्या टाकून तासन्‌तास बसायचे. "बाबा, तो बघा, तो." "कुठं रे?" "तुमच्या नाकासमोर!" एवढंच बोलणं. पण माझ्या घरात भिंतीपलीकडून ते ऐकू यायचं आणि बरं वाटायचं.

मग मुलगा शिकला, नोकरी लागली आणि लांब गेला. दुसरा देश, दुसरी भाषा. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी, वहिनी डोळे पुसतेय, आणि हा टाकीसमोर उकिडवा बसलेला. उठताना बापाचा हात धरून म्हणाला, "बाबा, दगड सुकू देऊ नका. मी आलो की बघतोच." चावीवाल्यानं मान हलवली. तो पाण्याचा माणूस. पाण्याबद्दल दिलेला शब्द त्याच्या लेखी साधा शब्द नव्हता.

पहिल्याच उन्हाळ्यात फजिती झाली. टाकीतलं पाणी रोज बोटभर उडायचं. चावीवाला भर घालायचा ती मीठ कालवून. त्याचा हिशोब सरळ होता, समुद्र आहे तर समुद्रच घालायला पाहिजे. थोड्या दिवसांत पिसारा बाहेर यायचा बंद झाला, जांभळी कातडी पांढुरकी पडली, एक मासा उताणा झाला. माणूस हादरला. ज्यानं जन्मभर गावाला पाणी पाजलं त्याच्या हातून पाण्यातला जीव गेला! दुकानदाराकडे धावला. दुकानदार पोट धरून हसला. "काका, उडतं ते गोडं पाणी. मीठ कुठं उडतं? ते तिथंच राहतं. तुम्ही वरून आणखी मीठ घातलंत. पाण्याचं लोणचं केलंत हो!"

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती भांडी पुसत होती. न बघताच म्हणाली, "म्हणजे गोडं ते उडून जातं आणि खारट ते घरात राहतं. हे मला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं."

त्या दिवसापासून चावीवाला बदलला. निवृत्त झालाच होता, आता हीच नोकरी. उन्हाळ्यात स्वतः घामानं निथळायचा आणि पंखा टाकीवर. वीज गेली की धावाधाव, बॅटरीवरचा छोटा पंप लाव, पाणी हलतं ठेव. काचेची तरंगकाडी सोडून खारटपणा मोजायचा, सकाळ-संध्याकाळ. मुलाचा फोन आला की आधी टाकीचं वर्तमान. सुरुवातीला मुलगाही विचारायचा, "पिसारा निघतो का? भाडेकरू आहे का?" मग नुसतं, "टाकी ठीक?" मग, "बाकी सगळं ठीक?" त्या बाकीमध्ये दगड आले की नाही, देव जाणे. चावीवाला आपला आले असंच धरून चालायचा.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना माझ्या तोंडाची चव जाते.

वहिनीनं समुद्र पाहिला नव्हता. आमचं गाव समुद्रापासून आत, पण इतकंही आत नाही. रात्रीच्या गाडीनं निघालं तर दुसऱ्या दिवशी वाळूत पाय. तिची एक मैत्रीण तिकडे राहायची, कितीदा बोलावणं आलं. वहिनी म्हणायची, "चला ना हो. चार दिवस जाऊन येऊ. मला लाट बघायचीय. घरातल्या समुद्राला लाट नाही."

हा म्हणायचा, "आणि टाकी?"

"भाऊ बघतील की."

मी म्हणायचो, "अरे, बघतो ना मी! गोडं पाणी घालायचं, पंप चालू आहे का बघायचं. मला काय दगडानं चावलंय?" माझी बायकोही म्हणाली, आम्ही दोघं मिळून बघू. पण छे. चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही ना! "भाऊ, राग मानू नका. तुमच्यावर विश्वास आहे. पण वीज गेली, तुम्ही बाहेर असलात, पंप थांबला, तर? पोरगं येईल तेव्हा काय दाखवू?" म्हणून पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही पुढच्या वर्षी. वहिनी एकदा माझ्या बायकोला हसत म्हणाली, "लोकांच्या सवती नटव्या असतात. माझी दगडाची आहे. तिला सोडून नवरा एक रात्र बाहेर काढत नाही." हसली खरी, पण माझ्या बायकोनं मला ते सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती.

एकटी जा म्हणाला तो तिला. ती म्हणाली, "एकटीनं बघायला काय, समुद्र म्हणजे दवाखाना आहे?" आणि गेली नाही.

मग दवाखानाच आला. पोटात काहीतरी निघालं, आणि निघालं ते उशिरा. शेवटच्या दिवसांत तिची खाट टाकीच्या खोलीत हलवली, कारण तिथं पंख्याचं वारं. ती कुशीवर पडून दगडांकडे बघायची. एक दिवस मी बसलो होतो, तर म्हणाली, "भाऊजी, भाडेकरू आला बघा बाहेर. बरा आहे हो तो. मागून आला आणि घर करून राहिला. पोटचा मात्र..." चावीवाला दारात उभा होता. त्यानं ऐकलं. तो आत आला, तिच्या उशाशी न बसता टाकीपाशी गेला आणि तरंगकाडी पाण्यात सोडून उभा राहिला. मोजायचं काही नव्हतं. सकाळीच मोजलं होतं.

मुलाला तेव्हा सुट्टी मिळाली नाही. फोनवर रडला. खरं रडला, त्याच्यावर उगाच आळ घेणार नाही मी. पण आला नाही.

वहिनी गेली आणि टाकी राहिली. मी एकदा न राहवून म्हटलं, "आता तरी सोड रे. दुकानदाराला दे. चल, आपण दोघं समुद्र बघून येऊ." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अभद्र बोललोय. म्हणाला, "भाऊ, तिचा समुद्र बुडवला तो ज्यांच्यासाठी, ते दगड आता सुकवू? मग तिला नेलं नाही ते कशापायी?"

आणि मग मुलगा आला. आधी फोन आला, येतोय म्हणून, आणि आठवडाभर चावीवाला तरुण झाला. काचेवरचा थर खरवडला, पंप उघडून धुतला, दगडांत साचलेली घाण नळीनं ओढून काढली. मला बोलावून दाखवलं. "बघा, भाऊ, पिसारे किती झालेत. एकाचे सात-आठ झाले. त्याला माहीतच नाही. एकदम दाखवू." मुलगा बारावी पास झाल्यावर बाप जसा पेढे घेऊन हिंडतो, अगदी तसा हिंडत होता.

दुपारी मुलगा आला. मी चहा घेऊन गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. धिप्पाड झाला होता, कपड्यांना वेगळाच वास. बापाच्या पाया पडला, आईच्या फोटोपुढं उभा राहिला, डोळे पुसले. मग मोबाइल काढला, इकडे तिकडे बघितलं. टाकीमागं विजेचा बोर्ड होता. त्यानं तिथली एक वायर उपटली आणि आपल्या मोबाइलची खुपसली.

पंप थांबला.

त्या घरात पंपाचा आवाज वर्षानुवर्षं अखंड होता. तो आपल्याला ऐकू येतोय हे मला तो थांबल्यावर कळलं. पिसारे सगळे एकदम आत गेले. चावीवाला खुर्चीवरून अर्धा उठला, अर्धाच राहिला.

"ते लाव परत," तो म्हणाला.

"काय? हां, हे? अहो बाबा, हे अजून चालू आहे? मला वाटलं, कधीच काढून टाकलं असेल तुम्ही."

मी कपात बघत राहिलो. चहा ढवळायचा तरी किती! चावीवाल्यानं स्वतः जाऊन वायर लावली, मुलाचा मोबाइल अलगद उचलून त्याच्या हातात दिला आणि परत येऊन बसला. पोरगं वाईट नव्हतं हो. त्याच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलं, पण काय ते नाही आलं. सारवासारव करायला टाकीपाशी वाकला. "मस्त ठेवलंत पण! ओळखूच येत नाही. हा कोपऱ्यातला मी ठेवला होता ना? की तो?"

"तो," बाप म्हणाला. खरं तर दोन्ही नव्हते. मुलानं ठेवलेला दगड मधला होता.

मग मुलानं मुद्दा काढला. घर विकायचं. बाप आता एकटा, वय झालेलं, इथं कोण आहे बघायला? माझ्यासमोर म्हणाला, बरं का. बाबांनी आपल्याबरोबर यावं, खोली तयार आहे, कागदपत्रं तो बघेल. आणि टाकीचं काय, असं बापानं विचारायच्या आतच त्यानं सांगून टाकलं. मासे दुकानदाराला देऊ. टाकी कुणालाही देऊ. "आणि दगड मी नेतो, बाबा. तुमची आठवण म्हणून. चांगले मोठे झालेत."

चावीवाल्याचा चेहरा एकदम उजळला. मला आठवतंय ते. "नेतोस? खरंच? कागद ओले करून ठेवतो मी. कसे बांधतात ते माहीत आहे मला. मांडीवर धरून आणले होते."

"छे, छे, ओले कुठं नेता! इतक्या लांब? केवढी भानगड ती. सारखं ओलं ठेवा, ऊन-थंडी सांभाळा, पोचल्या पोचल्या पाण्यात टाका. आणि एवढं करून वाटेत निम्मं मरतंच. वाळवून नेऊ. गच्चीवर पसरा आठवडाभर कडक उन्हात. खणखणीत वाळले की खोक्यात भरायचे. वजनही कमी होतं. तिकडे माळ्यावर ठेवेन, कधी सवड झाली की पाण्यात टाकेन. पुन्हा जिवंत होतात, बाबा. वेळ लागतो, पण होतात."

"तेच होतात?"

"तेच म्हणजे?"

"म्हणजे आता यांच्यावर जे आहे, तेच परत येतं?"

"ते कसं येईल? ते गेलं की गेलं. दुसरं काहीतरी येतं. दिसायला सारखंच असतं."

पिसारे एव्हाना एकेक करून पुन्हा बाहेर आले होते. भाडेकरूही आला, म्हणजे त्या जुन्याचा कुणीतरी वंशज असेल, मी काही जन्मदाखला बघितला नाही. चावीवाला त्यांच्याकडे बघत होता. मुलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खरंच मायेनं म्हणाला, "मग काय ठरलं, बाबा? येताय ना माझ्याबरोबर?"

चावीवाल्यानं खांद्यावरचा हात बाजूला केला नाही. नजरही दगडांवरून काढली नाही. म्हणाला,

"येतो की. फक्त एवढं आधी सांग, मला ओला नेणार आहेस, की वाळवून?"